कार्डावरचे ४६ रुपये कुणाचे?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी वसुली बघते. कास्टिंग पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरीला जातं. पैसे मात्र आपल्या पायांनी कोल्हापूरला येत नाहीत, म्हणून महिन्यातून दोनदा मला त्यांना आणायला जावं लागतं. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं पुण्यात स्वारगेटपर्यंतच्या खर्चावर मालक काही बोलत नाहीत. खरं दुखणं स्वारगेटला उतरल्यावर सुरू व्हायचं; मेट्रोच्या कार्डानं ते कसं कमी झालं, ते सांगते.

रिक्षाच्या मीटरचं गणित मला पाठ आहे: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढं किलोमीटरला १७. पिंपरी सोळा किलोमीटर धरली तरी पावणेतीनशेच्या आसपास जातात. वर पावती नाही. मी कोऱ्या कागदावर आकडा लिहून द्यायचे आणि आमचे अकाउंटंट काका त्याच्याकडं असे बघायचे, जणू मी त्यातून पाटल्या केल्यात. एका ॲपची रिक्षा करून बघितली. पावती येईल या आशेनं. पडद्यावर एक आकडा, उतरताना दुसरा, आणि ‘रोखच द्या ताई’. तो नाद सोडला.

२९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. तिकीट किमान १० रुपये, कितीही लांब गेलात तरी ३५. पावणेतीनशेच्या जागी हा आकडा बघून काकांनी चष्मा पुसला होता. तेव्हापासून पैसे भरायच्या तीन तऱ्हा मी वापरून बघितल्यात.

खिडकीवरचं कागदी तिकीट साधं. क्यूआर छापलेला असतो, आत जाताना आणि बाहेर पडताना तोच दाखवायचा, आणि नंतर कागद आपल्याकडंच राहतो. काका खूश. फक्त पर्समध्ये महिनाभर राहिला की शाई उडते, म्हणून मी लगेच फोटो काढून ठेवते. व्हॉट्सॲपवर तिकीट काढणं त्याहून सोपं. रांग नाही, पैसे यूपीआयनं. पण एकदा माझ्या मोबाइलची बॅटरी दापोडीलाच चार टक्क्यांवर आली. तिकीट मोबाइलमध्ये, आणि बाहेर पडायलाही तेच लागणार! पिंपरीपर्यंत मी पडदा काळा करून, मोबाइल छातीशी धरून बसले होते. वसुलीला निघालेल्या बाईनं असं देवाचं नाव घेत बसू नये.

म्हणून मेट्रोचं वन पुणे कार्ड घेतलं. माझं मत सांगायचं तर महिन्यातून एकदा जरी पुण्यात काम पडत असेल, तरी हेच घ्या. सोमवार ते शुक्रवार कार्डावर १० टक्के सूट मिळते. शनिवार-रविवार सगळ्यांनाच ३० टक्के, त्यामुळं कारखाना उघडा असेल तर मी शनिवारच गाठते. हे एनसीएमसी, म्हणजे वेगवेगळ्या शहरांत चालणारं सामाईक, जातीचं कार्ड आहे. दहिसर–अंधेरी मेट्रोलाही माझं हेच कार्ड चाललं, मुंबईसाठी वेगळं काढावं लागलं नाही.

पण त्याचा स्वभाव आधी समजून घ्या. मी घेतला नव्हता. कराडजवळ एसटीत बसल्या बसल्या ऑनलाइन २०० रुपये भरले, स्वारगेटला ऐटीत गेटवर कार्ड टेकवलं, तर लाल दिवा. मागं रांग. तिथल्या मुलीनं बाजूला घेऊन समजावलं, ‘मॅडम, पैसे जमा झालेत, पण कार्डाला अजून कळलेलं नाही.’ शिल्लक असते कार्डातल्या चिपमध्ये. गेट बँकेला विचारत बसत नाही, चिपवर जे लिहिलंय त्यातून कापतं. म्हणून तर जमिनीखाली रेंज असो-नसो, क्षणात उघडतं. ऑनलाइन भरलेले पैसे चिपवर चढवायला कार्ड एकदा स्टेशनातल्या मशीनला लावावं लागतं. याचीच दुसरी बाजू अशी की या शिलकीला पिन नाही. कार्ड हरवलं तर त्यातले पैसेही गेले समजायचे. २००० पर्यंत ठेवता येतात, मी २०० च्या वर ठेवत नाही.

एकाच दिवशी खूप फिरायचं असेल तर १०० रुपयांचा दिवसाचा पास मिळतो. तीन लांबच्या फेऱ्या झाल्या की वसूल. मला त्याची गरज एकदाच पडली: सकाळी पिंपरी, दुपारी रामवाडीकडं एक गिऱ्हाईक, परत पिंपरी, कारण सकाळचे साहेब ‘जेवून येतो’ म्हणून गेले ते चारला उगवले. मधे दोन्ही वेळा सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. ते स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, सरकत्या जिन्यांवर जिने. घाईत असाल तर तेवढा वेळ हिशोबात धरा.

भोसरीला जाणाऱ्यांसाठी एक सांगते. नकाशावर भोसरी वाचून मी पहिल्यांदा उतरले, तर ते नाशिक फाटा. कंसात लिहिलेलं होतं, वाचायचं आपणच असतं. एमआयडीसी तिथून लांब. पुढं पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस.

बसमध्ये मी मोठ्या विश्वासानं तेच कार्ड पुढं केलं. कंडक्टर हसले. ‘ते मेट्रोचं, ताई. इथं सुट्टे नाहीतर हा क्यूआर.’ माझं नेट फिरत राहिलं, फिरतच राहिलं, शेवटी दहाची नोट दिली. जून २०२५ पासून बसचं किमान तिकीट १० आहे, आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ७० रुपये. चार-पाच कारखाने पालथे घालायचे असतील तर पास घ्या, नाहीतर दहा-दहाच्या नोटा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. उतरताना मी म्हणाले, ‘मामा, थांबा, मी उतरतो.’ त्यांनी लगेच विचारलं, ‘कोल्हापूर का?’ बाईमाणसाच्या तोंडी ‘उतरतो’ ऐकलं की पुण्यात ओळख पटते. त्यांची बायको गडहिंग्लजची निघाली. एमआयडीसीच्या कुठल्या गेटला उतरायचं तेही त्यांनीच सांगितलं, नाहीतर मी आणखी एक स्टॉप पुढं गेले असते.

तर मेट्रोला कार्ड, बसला नोटा. पाचापैकी चार गुण कार्डाला देते, तेही बसमध्ये चालत नाही म्हणून एक कापून.

आता राहिले काका. २०० रुपये भरल्याची पावती त्यांना पाठवली. म्हणाले, ‘भरले दोनशे, प्रवास किती झाला?’ मी फेऱ्या मांडून दिल्या: एकशे चोपन्न. ‘मग ४६ कुठंयत?’ कार्डावर. ‘कंपनीचे की तुमचे?’ म्हटलं कंपनीचे, पुढच्या खेपेला वापरीन. त्यांनी वहीत ‘आगाऊ रक्कम, पुणे मेट्रो’ असं खातं उघडलं आणि ४६ रुपये माझ्या नावावर टाकले. पंधरा दिवस झाले, वसुली करणाऱ्या बाईकडं रोज वसुली चालू आहे.