गावातलं फायबर वापरल्यावर : वेग झकास, पण दुसरी वाट कुठाय?

गावात आलेल्या फायबर इंटरनेटच्या वेगाचं आधी सांगून टाकतो, कारण जो तो तेच विचारतो. वेग उत्तम आहे. घरातले सगळे मोबाईल आणि टीव्ही एकदम चालले तरी व्हिडिओ कॉल अडकत नाही, सातबारा झटक्यात उतरतो. आपल्याकडे 2023 पासून किमान 2 एमबीपीएस असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचं असं ठरलंय, त्याआधी 512 केबीपीएसवरच भागत होतं. फायबर त्याच्या कैक पट पुढे. वेगाबद्दल माझी एका ओळीचीही तक्रार नाही.

खरी गोष्ट सुरू होते ओएनटीवरचा, म्हणजे फायबरची तार घरात ज्या डब्याला जोडतात त्यावरचा, ‘लॉस’चा दिवा लाल लुकलुकायला लागला की. म्हणजे तारेतून उजेड येत नाहीये. आता हा दिवा एवढंच सांगतो. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली तरी लाल, आणि पलीकडच्या, ग्रामपंचायतीतल्या टोकाला वीज नसून तिथली बॅटरी मेली असली तरी लाल. त्यामुळे आमच्याकडे पहिला फोन कंपनीला जात नाही, ग्रामपंचायतीजवळ राहणाऱ्याला जातो : ‘अरे, तुमच्याकडे लाईट आहे का?’ (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आसपासच्या गावांत वेगवेगळ्या कंपन्या आहेत आणि रडगाणं सगळ्यांचं एकच आहे.)

पावसाळ्याच्या तोंडावर पाइपलाइनच्या खोदाईत केबल तुटली तेव्हा सांधायला आलेल्या पोराजवळ बराच वेळ उभा होतो. केसाएवढी काच सोलून, पुसून, सरळ कापून दोन टोकं मशीनमध्ये ठेवतात, पडद्यावर ती एकमेकांसमोर येतात, एक ठिणगी, झालं. वर एक नळी तापवून बसवायची. तो म्हणाला, “काका, जोडायला दहा मिनिटं. तुटलंय कुठं हे शोधण्यातच दिवस जातो.” तूट किती अंतरावर आहे ते सांगणारं ओटीडीआर यंत्र त्याच्याकडे नव्हतं, ते तालुक्यालाच. म्हणून तो झाकणं उघडत उघडत आला होता.

एका तुटीने इतकी गावं का आडवी होतात, याचं उत्तर आखणीत आहे. 2011 मध्ये मंजूर झालेली योजना, जिला 2015 मध्ये भारतनेट हे नाव मिळालं, तिच्यात तालुक्याकडून निघालेली तार बहुतेक ठिकाणी सरळ रेषेत ग्रामपंचायतींपर्यंत गेली. वाटेत तुटली की पुढचे सगळे अंधारात. हे सरकारलाही मान्य आहे, कारण ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये 2.64 लाख ग्रामपंचायती वर्तुळाकार जाळ्याने जोडायच्या आहेत. एका बाजूने तुटलं तर दुसऱ्या बाजूने फिरून येईल. खर्च 1,39,579 कोटी रुपये, आणि त्यात देखभालही धरली आहे. माझ्या मते या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. आमच्या गावात ते वर्तुळ अजून पुरं झालेलं नाही, म्हणून हे गुण कागदाला देतोय.

आता कुणी विचारत नाही तो भाग. राउटर. बसवणाऱ्याने वायफायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाईल नंबर टाकला, आणि आतल्या सेटिंगचं लॉगिन कारखान्यातून आलं तसंच ठेवलं : अ‍ॅडमिन, अ‍ॅडमिन. शेजारीही तेच. गल्लीभर तेच. 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने नेमके असेच पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या सेवा पाडल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकेत तर एकाच कंपनीच्या ग्राहकांचे सहा लाखांहून जास्त राउटर 72 तासांत कायमचे निकामी झाले. त्या कंपनीच्या सेवेचा बराचसा भाग ग्रामीण होता. डबेच बदलावे लागले. आमच्या तालुक्यात असं झालं तर नवे राउटर घेऊन येणार कोण आणि कधी? तोवर सेवा केंद्र बंद, रेशनच्या मशीनचं त्रांगडं, दुकानातला क्यूआर नुसता चिकटवलेला.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत कंपन्यांनी आणि संस्थांनी कळवायची असते. चांगलंच आहे. पण वरती कळवलेलं खाली ग्राहकापर्यंत येण्याची काही सोय मला तरी दिसली नाही. किती पंचायती जोडल्या, किती किलोमीटर तार टाकली हे मोजलं जातं. किती घरांतल्या राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे, हेही त्याच तक्त्यात यायला हवं.

तरीही घ्या. पाचपैकी साडेतीन. मोठा प्लॅन नको, छोटा पुरतो. वाचलेल्या पैशांत राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या, बसवणारा घरात असतानाच दोन्ही पासवर्ड बदलून घ्या. आणि पर्याय म्हणून दुसरं सिम ठेवणार असाल तर आधी एक चौकशी करा. त्या पावसाळ्यातल्या तुटीत आमच्या मोबाईलची रेंजही गेली होती, कारण टॉवरही त्याच केबलवर होता. ज्याचा टॉवर दुसऱ्या वाटेने जोडलाय, त्याचंच सिम घ्या, मग त्याचं नेट थोडं हळू असलं तरी चालेल.