उद्यमनगरातला बोअरवाला: जुन्या बुलेटचं फुल इंजिन घरी करणाऱ्यांसाठी

कास्ट आयर्न ब्लॉकवालं जुनं बुलेट ३५० घरी खोलता येतं आणि घरी भरताही येतं. पाने, एक-दोन पुलर, फिलर गेज, स्वच्छ टेबल आणि घरच्यांची सहनशक्ती एवढ्या भांडवलावर काम निघतं. घरी होत नाहीत ती कामं दोनच: ब्लॉकचा बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली पळतो ते झिजलेलं भोक नव्यानं गोल कापणं) आणि क्रँकचं सेंटरिंग (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट एका रेषेत आणणं). बाकीचं सगळं कितीही मन लावून केलं आणि ही दोन चुकली तर हजार किलोमीटरच्या आत इंजिन पुन्हा टेबलावर येतं. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या किटचा नाही, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोअरिंगच्या दुकानाचा आहे.

नाव लिहीत नाही. मिस्त्रींचीच तशी अट आहे. "नाव टाकू नका, दिवसभर फोन वाजतोय आणि हात ग्रीसचं असत्यात," असं ते म्हणाले. उद्यमनगरात दोन चहाच्या गाड्यांवर चौकशी केलीत तर पत्ता लागतो.

उद्यमनगर मोटारसायकलींसाठी उभं राहिलेलं नाही, हे तिथं गेल्यावर लगेच लक्षात येतं. विहिरीवरची ऑईल इंजिनं, पंप, गुऱ्हाळाचे चरक, फाउंड्रीचं कास्टिंग यांच्यावर तो भाग वाढला. या दुकानातलं बोअरिंग मशीनही त्याच काळातलं, आणि कोपऱ्यात अजून एखादं शेतावरचं इंजिन वाट बघत पडलेलं असतंच. पण बुलेटवाल्याला हेच सोयीचं आहे. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, एकच सिलिंडर, जाड बिडाचा ब्लॉक, मिनिटाला ५६०० च्या आसपास फेऱ्यांना जेमतेम १८ बीएचपी: बुलेट म्हणजे चाकांवर बसवलेलं विहिरीवरचं इंजिनच. (रॉयल एनफिल्डनं पुढं खरंच बुलेटच्या सांगाड्यात ग्रीव्ह्ज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसी डिझेल इंजिन बसवून 'टॉरस' विकली. साडेसहा हॉर्सपॉवर. दूधवाल्यांची लाडकी.) आयुष्यभर बिडाचे ब्लॉक कापलेल्या माणसाच्या हातात ती गेली की तिचं भलं होतं.

माझी गाडी वडिलांची, १९८८ ची. थंडीत निळा धूर, ऑईलचा खप वाढलेला आणि किक अशी मऊ की शेजारचं पोरगं हातानं दाबून दाखवायचं. हाफ इंजिनवर, म्हणजे नुसत्या वरच्या ब्लॉक-पिस्टनच्या कामावर, भागलं असतं, पण क्रँकमध्येही खेळ होता, म्हणून फुल काम काढलं. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. मोजमापाचं काम रोजचंच, त्यामुळे माझं लक्ष मिस्त्रींच्या मशीनपेक्षा त्यांच्या मोजण्याकडं जास्त होतं.

ब्लॉक टेबलावर ठेवायच्या आधीच पहिला प्रश्न आला: "पिस्टन कुठाय?" याच एका प्रश्नासाठी मी या दुकानाला पैकीच्या पैकी मार्क देईन. बऱ्याच ठिकाणी "वीसचा मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" असं सांगतात. वीस म्हणजे वीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज. पण डब्यावर वीस छापलंय म्हणून आतला पिस्टन नेमका तेवढाच निघेल याची खात्री नसते. बोअर पिस्टन मोजून त्याच्या मापानं मारायचा असतो.

मी नेलेला पिस्टन त्यांनी हातात घेतला, गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) बाहेर काढली आणि पिस्टन आडवा धरून पिन उभी त्याच्या भोकावर नेऊन सोडून दिली. पिन सुळकन आरपार जाऊन खाली पत्र्याच्या ट्रेमध्ये खणकली. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. "ही अंगठ्यानं दाबल्यावर जायला पायजे. कुठनं आणलासा?" मी सांगितलं. त्यांनी पिस्टन डब्यात घालून डबा माझ्याकडं सरकवला. "बोअर मारा म्हणला तर मारतो. पण उद्या वर टकटक वाजाय लागली की माझ्या दारात यायचं न्हाई." आलेलं काम असं परत पाठवणारा माणूस मी या धंद्यात क्वचित बघितलाय. ज्या दुकानातून पिस्टन आणला त्यांनी "एकदा डबा फोडला की माल परत नाही" म्हणून हात झटकले. तो पिस्टन आता लॅबमध्ये माझा पेपरवेट आहे.

दुसऱ्या पिस्टनची पिन अंगठ्यानं गेली, मग काम सुरू झालं. पिस्टन त्यांनी मायक्रोमीटरनं स्कर्टच्या, म्हणजे बाजूच्या भिंतीच्या, खालच्या अंगाला, पिनच्या काटकोनात मोजला. पिस्टन पूर्ण गोल नसतो, घडवतानाच किंचित लंबगोल ठेवतात, आणि वरचा भाग जास्त तापतो म्हणून तिकडं तो जरा बारीक असतो. भलत्या जागी मोजलं की आकडा भलताच येतो. मग बोअर डायल (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) ब्लॉकमध्ये सोडला: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीला पुढं-मागं आणि आडवा. सहाही आकडे खडूनं टेबलावरच लिहिले. सगळ्यात जास्त झीज वरच्या कंगोऱ्याच्या लगेच खाली, पुढं-मागं होती. तशीच असते. तिथं पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, ऑईलचा थर तुटतो, आणि जळलेल्या गॅसचा दाब रिंगेच्या पाठीमागून तिला भिंतीवर रेटत असतो. माझी झीज ०.२० मिमीच्या पुढं गेली होती. दहा थाऊत सगळीकडून कापलं गेलं नसतं, म्हणून वीस.

शेवटचे दोन थाऊ होनिंगला, म्हणजे घासदगडांनी भिंत बारीक घासायला, राखले. होनिंग झाल्यावर ब्लॉक फरशीवर ठेवून मिस्त्री सरळ जेवायला निघून गेले. मला वाटलं झालं. झालं नव्हतं. गरम ब्लॉक मोजून उपयोग नसतो, फुगलेला आकडा येतो. जेवून आल्यावर, ब्लॉक हाताला गार लागल्यावर, त्यांनी परत मोजला, परत दोन-चार फेऱ्या होन फिरवला, आणि ब्लॉक पुन्हा फरशीवर गेला. पिस्टन आणि भिंतीमध्ये चार थाऊचं क्लिअरन्स, म्हणजे ०.१० मिमी, मिळेपर्यंत हे चाललं. मी तीन थाऊ सुचवून बघितलं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे मलाही माहीत आहे, पण घट्ट बसवण्याचा मोह होतोच. "तीन ठेवा, आणि कात्रज घाटात पिस्टन चावला की मला फोन करा," एवढंच उत्तर मिळालं. (चावला म्हणजे फुगून बोअरमध्ये अडकला.) भिंतीवरच्या तिरक्या रेघोट्या दोन्ही बाजूंनी सारख्या उतरल्या होत्या. ऑईल धरून ठेवणाऱ्या त्याच.

क्रँकचं काम दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचा मुलगा करतो. मूळ बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे रॉड क्रँकला जोडला जातो तिथं, फ्लोटिंग बुश (मोकळी फिरणारी कडी) असतो. आता बहुतेक लोक रोलरवाली क्रँकपिन आणि रॉड घालतात, मीही तेच केलं. दोन फ्लायव्हील जोडून क्रँक सेंटरमध्ये धरायचा, दोन्ही शाफ्टवर डायल लावायचे, हातानं फिरवायचा आणि काटा कुठं उचलतोय ते बघून फ्लायव्हीलच्या कडेवर पितळी हातोड्याचा घाव घालायचा. वर्णन करायला सोपं आहे. त्या मुलानं एक घाव घातला की काटा निम्म्यावर यायचा, आणि पुढचा घाव कुठं घालायचा हे तो काटा थांबायच्या आत ठरवून मोकळा. शेवटी दोन्हीकडं ०.०३ मिमीच्या आत आलं.

आता तक्रारी. "परवा या" म्हणजे त्या आठवड्यात कधीतरी. बिल मिळत नाही, वहीच्या चिटोऱ्यावर आकडा मिळतो. बोअर-होनिंगचे आठशे आणि क्रँकच्या मजुरीचे अठराशे घेतले. काम बघता स्वस्तच, पण रोखच. मशीनवर धरताना ब्लॉकच्या खालच्या फिनची एक कड उडाली, आणि "पळायला काय अडतंय?" यापलीकडं त्यावर काही बोलणं झालं नाही. अडत काहीच नाही, पण दिसायला दिसतं. रिंगा आत जाताना अडकू नयेत म्हणून बोअरच्या खालच्या कडेला उतार द्यायचा असतो, तो मागून घ्यावा लागला. आणि ब्लॉक ते अजिबात धुऊन देत नाहीत, नुसती हवा मारतात. घरी आल्यावर गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ब्रश घेऊन, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत धुवायचं. पेट्रोलनं होनिंगची भुकटी निघत नाही, रेघोट्यांत बसून राहते आणि नव्या रिंगा खाते.

घरचं काम थोडक्यात. रिंगा आधी मोकळ्या ब्लॉकमध्ये सोडून टोकांमधला गॅप ०.३० मिमीला आणला. व्हॉल्व्ह घासले, ऑईल पंपाच्या डिस्क बारीक पेस्टवर बसवल्या. टायमिंगच्या बाजूला ऑईल पंप फिरवणाऱ्या वर्म नटला उलटी आटी असते. ती विसरून पान्यावर जोर काढणारे दर वर्षी कुणीतरी भेटतात.

अपग्रेडबद्दल मिस्त्रींचं मत ठाम आहे, आणि मला ते पटलं. ३५० वर ५०० चं हेड-ब्लॉक चढवायची टूम पोरांत जोरात आहे. स्ट्रोक दोन्हींचा ९० मिमीच, फक्त बोअर ७० चा ८४ होतो, म्हणून हे सोपं वाटतं. पण तेवढ्यासाठी क्रँककेस कापायची त्यांची तयारी नाही. वर गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला आडवं येणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसीवर ३४६ सीसी आणि खाली ४९९, हे अपघातानंतर विमा कंपनीला समजावत बसायची माझीही तयारी नाही. त्यापेक्षा रोलर बिग एंड, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि नीट जेटिंग केलेला कार्ब्युरेटर यांवर पैसे घाला. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक किट लावल्यापासून टायमिंग हललेलं नाही, आयडलिंग घड्याळासारखं नसलं तरी बुलेटला शोभेल इतपत आहे. एक मात्र गेलं: पॉइंट उघडताना अँपिअर मीटरचा काटा हलायचा, त्यावर नजर ठेवून किक मारायची सवय होती. माझ्या किटवर काटा ढिम्म. जुनी पॉइंट प्लेट टूलबॉक्समध्ये ठेवलीय. बॅटरी रस्त्यात रुसली तर तिचाही उपयोग नाही, पण किटच गेलं तर घरी येता येईल.

रनिंग-इन (नवं इंजिन सावकाश चालवायचा काळ) संपलं. धूर नाही, ऑईलची पातळी जागेवर, आणि शेजारच्या पोराला आता किक हातानं दाबता येत नाही. आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन आलो, पिस्टन चावला नाही.

जायचं असेल तर: सोमवारी दुकान बंद. सकाळी दहाच्या आत पोचा, नंतर शेतीच्या इंजिनांचे लोक येतात आणि त्यांचा नंबर आधी लागतो. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर ऊस वाळतो, बुलेट थांबू शकते, हे ते तोंडावर सांगतात. सोबत पिस्टन, पिन आणि रिंगा न्या, जुना पिस्टनही न्या, तो बघून ते झीज कशानं झाली ते सांगतात. आणि ड्यूक ३९० वाल्यांनी फेरा वाचवावा. निकासिल प्लेटिंगचा (निकेलचा कडक मुलामा दिलेला) बोअर इथं होत नाही, आणि विचारलंत तर त्यावर एक लांबलचक भाषण ऐकावं लागतं.