बाळाची पेज कशाची? अंगणवाडीची बालशक्ती, घरचं सत्त्व की दुकानातला डबा

बाळ सहा महिन्यांचं झालं की बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत हा वाद ठरलेला. आजी नाचणीच्या सत्त्वावर अडून बसते, शेजारच्या बेन बालशक्ती, म्हणजे अंगणवाडीतून मिळणारं तयार पीठ, सुचवतात आणि दुकानदार बाळाच्या तयार आहाराचा डबा पुढे करतो.

डब्याचं आधी उरकते. सोयीचा आहे, पण महागडा. महिनाअखेरीला तो पुरवायचा म्हणून आया चमचे कमी आणि पाणी जास्त घालतात. बाळाचं पोट टम्म दिसतं, वजन मात्र जागचं हलत नाही. घरात पैशाची ओढ असेल तर डब्याच्या वाटेला जाऊच नका.

बालशक्ती फुकट मिळते, सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला महिन्याला अर्ध्या किलोची ७ पाकिटं. या आहारातून मुलाला रोज किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळायला हवीत, हे अंगणवाडीच्या नियमात ठरलेलं असतं. पगार लांबला तरी पाकीट येतं, ही तिची मोठी जमेची बाजू. मला ती जरा गोड वाटते. आणि त्याच पिठाची सुखडी करून मोठी भावंडंही खातात, मग बाळाचा महिना पंधरा दिवसांतच संपतो. भुकेल्या मोठ्या मुलाला नाही कसं म्हणणार, हेही खरंच.

सत्त्वाला आईचा वेळ लागतो. नाचणी भिजवा, मोड आणा, वाळवा, भाजा, दळा. पावसाळ्यात मोड नीट वाळत नाहीत आणि ओलसर उबेत जंतूही वाढतात, तेव्हा दोन महिन्यांचं एकदम करू नका. नुसत्या नाचणीनेही भागत नाही, मुगाची डाळ आणि वरून तूप हवंच.

पण मोडाच्या पिठाची, म्हणजे मोड आणून वाळवून दळलेल्या धान्याची, खरी कमाल वेगळी आहे. आपल्याच सयाजीराव विद्यापीठात आहारतज्ज्ञ तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. मोड आलेल्या धान्यात अमायलेज नावाचं, पिठाचे कण फोडणारं पाचक द्रव्य असतं, ते पिठूळ पेज पातळ करतं. दाट पेज शिजवून उतरवा, जराशी निवाली की चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळा. पाणी न घालता ती सैल होते. मग पुन्हा एक उकळी द्या. इवल्याशा पोटात त्याच वाटीतून जास्त अन्न जातं.

म्हणून मी सांगेन, रोजची पेज बालशक्तीची, सत्त्व जमेल तेव्हा, आणि मोडाचं पीठ घट्ट झाकणाच्या बरणीत कायम. दोघंही कामावर जात असाल आणि बाळ आजीजवळ राहत असेल, तर सकाळीच दुपारची पेज करून ठेवू नका. कोरडं पीठ मोजून ठेवा, आजी साबणाने हात धुऊन ताजी शिजवतील. केलेली पेज दोन तासांहून जास्त बाहेर राहिली तर टाकून द्या, जीव तुटला तरी. बाटली नको, वाटी-चमचाच.