गाडी गरम झाली की बंद पडायची, ह्या छोट्या स्कॅनरमुळे शेवटी कारण सापडलं

दोन महिने वापरून मग लिहितोय, पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. ओबीडी २ चा ब्लूटूथ स्कॅनर आहे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारा, ईएलएम३२७ (अशा स्कॅनरमधली मूळ चिप) च्या धर्तीवरची चिप असलेला. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डला जो १६ पिनांचा सॉकेट असतो त्यात बसतो आणि मोबाईलच्या ॲपला जोडला जातो.

माझी पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअरची, कित्येक महिने चालता चालता बंद पडत होती. सकाळी थंड इंजिनला काही म्हणजे काही नाही, पण अर्धा-पाऊण तास चालवली की कधी सिग्नलला, कधी उतारावर, एकदम ठप्प आणि मग सेल्फ कितीही मारा, इंजिन नुसतं फिरतं पण पकडत नाही. वीस मिनिटं बॉनेट उघडून उभं राहायचं, मग पहिल्या सेल्फला चालू. मागून ट्रक हॉर्न देतोय, स्टिअरिंग जड झालंय, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा लागतोय आणि मागच्या सीटवर मुलं, ज्याच्यावर ही वेळ आलीय त्यालाच कळेल. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग फ्युएल फिल्टर, मग अख्खा पंप. दर वेळी "आता नाही होणार दादा" आणि चार दिवसांत परत तेच. पैसे गेले ते गेले, पण एकदाही कोणी मीटर लावून बघितलं नाही ह्याचा मला जास्त राग आहे.

स्कॅनर लावून पहिलं स्कॅन केलं तर एकही कोड नाही. चेक इंजिनचा दिवाही कधी लागला नव्हता. मला वाटलं झालं, हेही वाया गेलं. पण ह्या वस्तूची खरी किंमत कोड वाचण्यात नाहीये, लाईव्ह डेटात आहे. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त सोडतोय तो आकडा) बघितला तर अधिक तीन-चार टक्के, आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) पण तेवढाच आणि २५०० आरपीएमला पण तेवढाच. हा आकडा साधारण दहाच्या आत असला तर ठीक समजतात. कुठल्या पाईपमधून हवा ओढली जात असती तर आयडलला खूप वर गेला असता आणि रेस दिल्यावर खाली आला असता, म्हणजे तो संशय गेला. आयडल मात्र ६२० ते ९०० नाचत होता. थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उघडली तर झडपेच्या कडेला काळा चिकट थर, साफ केल्यावर आयडल ७५० ला स्थिर. चार दिवस आनंदात गेले, पाचव्या दिवशी परत बंद.

पण ह्या वेळी ॲपमध्ये रेकॉर्डिंग चालू होतं (गाडी चालवताना मोबाईलकडे बघू नका, रेकॉर्ड करा आणि नंतर बघा). घरी येऊन ग्राफ उघडला. कूलंट ९६ अंश, वेग ३८, आरपीएम १४०० आणि पुढच्या नोंदीत थेट शून्य. हळूहळू पडला नाही, एकदम शून्य! तेव्हा गाडी गिअरमध्ये होती, क्लच सोडलेला होता, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत होती, मग इंजिन थांबलेलं असूच शकत नाही. तरी कॉम्प्युटरला ते थांबलेलं दिसतंय. नंतर सेल्फ मारतानाचा भाग बघितला तर तिथेही शून्य, खरं तर दीडशे-दोनशे दिसायला हवा. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर पेंडिंगमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या कोडांत) पी०३३५ पण आला होता, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरचं सर्किट. इंजिनचा मुख्य दांडा फिरतोय का ते कॉम्प्युटरला सांगणारा हा सेन्सर.

आता नीट वाचा, तो कोड सर्किटचा आहे, सेन्सरच गेलाय असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं, वायर किंवा कनेक्टरही असू शकतो. दुसऱ्या मेकॅनिकला ग्राफ दाखवला, त्याने दोन मिनिटं शांतपणे बघितला आणि मग आधी कनेक्टर आणि वायर तपासली, ती ठीक निघाली. सेन्सरच्या कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना बरोबर, पण गरम केल्यावर मीटरवर ओपन. आतली बारीक तार तापली की तुटायची आणि थंड झाली की परत जुळायची. सिग्नल नाही तर कॉम्प्युटर स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. अंगठ्याएवढा पार्ट, एका बोल्टवर बसलेला! तो बदलल्यापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही, भर उन्हात तीन तास ट्रॅफिकमध्ये उभी होती तरी नाही.

त्रासाच्या गोष्टी पण सांगतो. स्वस्तातल्या स्कॅनरमध्ये बहुतेक नकली चिप असते, एकदम दहा-बारा आकडे मागितले की नोंदी इतक्या सावकाश येतात की ग्राफचा उपयोग राहत नाही, म्हणून आरपीएम, वेग, कूलंट एवढेच ठेवा. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की कधी कधी कनेक्शन तुटतं. साध्या ब्लूटूथचा स्कॅनर आयफोनला चालत नाही, त्याला बीएलई (कमी वीज खाणारा ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो. माझ्या गाडीत इंधनाचं प्रेशर ह्याच्यावर दिसत नाही, एबीएस आणि एअरबॅगपण नाही. आणि गाडी बंद केल्यावरही हा चालूच राहतो, मी आठवडाभर सॉकेटमध्येच ठेवला आणि बॅटरी उतरली, काम झालं की काढून ठेवा. ॲपमधलं क्लिअरचं बटण मेकॅनिकला दाखवायच्या आधी अजिबात दाबू नका, कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचे आकडे, तेही पुसले जातात.

पाचपैकी चार स्टार, बॅटरी उतरवली त्याचा एक कापला. मी पंप बदलायच्या आधी घ्यायला हवा होता.