गळ्यातला एल्ड्रिस आणि खिशातला ओपिनेल: दोन चाकूंची तुलना

ट्रेकसाठी चाकू लहान हवा, म्हणून गळ्यात अडकवण्याचा चाकू घेणाऱ्यांनी आधी पट्टी लावून मोजमाप करून पाहावे. मोराक्निव्ह या स्वीडिश कंपनीचा एल्ड्रिस सुमारे १४ सेंटीमीटर लांब असून त्याचे पाते ६ सेंटीमीटरांहूनही किंचित आखूड आहे. उलट फ्रान्समधील सॅव्हॉयचा ओपिनेल क्रमांक ८ मिटल्यावर ११ सेंटीमीटरांत मावतो आणि उघडल्यावर साडेआठ सेंटीमीटरांचे पाते हाती देतो. जागाच वाचवायची असेल तर घडीचा चाकू सरस आहे. गळ्यातल्या चाकूचे पाते मिटत नाही, ते म्यानात राहते; त्याचे बळ आहे ते सांधा नसण्यात.

हे मला पाचनईच्या वाटेने भर पावसात हरिश्चंद्रगडावर गेलो असताना पटले. ताडपत्रीची ताणलेली दोरी डाव्या हातात धरलेली होती आणि ती सोडणे शक्य नव्हते. उजव्या अंगठ्याने म्यानाची कड रेटताच एल्ड्रिस टक् आवाज करून सुटला आणि दोरी कापून झाली. ओपिनेलला अशा वेळी दोन्ही हात लागतात, कारण पात्यावरच्या खाचेत नख घालून ते उघडायचे आणि मग सांध्याजवळची कडी फिरवून ते पक्के करायचे असते. ही कडी १९५५ साली आली आणि तिच्यामुळे पाते बोटांवर मिटण्याची भीती गेली, हे मोठेच काम झाले. मात्र बीच लाकडाची मूठ ओलाव्याने फुगते आणि पाते आत घट्ट बसते. त्यावर सॅव्हॉयकडची जुनी युक्ती अशी, की मुठीचे मागचे टोक दगडावर हलकेच आपटावे, म्हणजे पाते नखात येण्याइतके वर उचलले जाते.

स्वयंपाकाला बसले की पारडे फिरते. स्टेनलेस पात्यांसाठी दोघेही सँडविक नावाचे एकाच कुळातले स्वीडिश पोलाद वापरतात, त्यामुळे धारेत फारसा फरक नाही. फरक आहे तो पात्याच्या घडणीत. ओपिनेलचे पाते पातळ असल्याने भेळेसाठी कांदा बारीक चिरताना ते अलगद खाली उतरते, तर एल्ड्रिसचे २ मिलिमीटर जाडीचे पाते पाचरीसारखे शिरते आणि गाजर चिरले जाण्याऐवजी निम्म्यावर तडकते. लाकूड तासायला मात्र तीच पाचर उत्तम, आणि एल्ड्रिसची जाड मूठ अर्ध्या तासानंतरही तळहाताला रुतत नाही. शिवाय चाकू म्यानासकट धुऊन वाळवता येतो. ओपिनेलच्या सांध्यात अडकलेला कांद्याचा चोथा काडीने कोरून काढावा लागतो.

गळ्यात घालायचाच असेल, तर झटका बसताच सुटणारी दोरीच वापरावी. कातळटप्पा चढताना आणि झोपताना तो गळ्यातून काढून ठेवावा, याबाबत मी कोणाचेही ऐकून घेणार नाही. विमानप्रवासात दोन्ही चाकू चेक-इन सामानातच हवेत.

एकच घ्यायचा असेल, तर मी बहुतेकांना ओपिनेल सुचवीन. पावसाळी ट्रेक हाच ज्यांचा मुख्य उद्योग आहे, त्यांनी मात्र एल्ड्रिस घ्यावा. मी स्वतः एल्ड्रिस सॅकच्या खांद्यावरच्या पट्ट्याला बांधतो आणि ओपिनेल जेवणाच्या पिशवीत ठेवतो; मे महिन्याच्या अखेरीस त्याच्या मुठीला जवसाचे तेल दोनदा पाजले, की श्रावणापर्यंत पाते बरे उघडते.