‘आज पॅलेस बंद आहे’ : बँकॉकमध्ये आमचे १,००,२२५ रुपये कसे गेले

हे लिहायला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी एका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाच्या टेबलावर बसते. दागिना तोलताना दिवसातून दहा वेळा माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, "खड्यांचं वजन वजा जाईल, खड्यांना आम्ही किंमत धरत नाही." आणि मीच बँकॉकला जाऊन ३८,५०० थाई बाथचे खडे घेऊन आले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मे महिन्यात सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं असे सहाजण गेलो होतो. सासूबाईंचे गुडघे धरतात, टूरवाल्यांच्या घाईत त्यांचे हाल होतील म्हणून सगळं आपलं आपणच ठरवलं. त्यांची एकच इच्छा होती. ग्रँड पॅलेसच्या आवारात एमराल्ड बुद्धाचं देऊळ आहे, त्याच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय. थाई लोक त्याला रामाकियन म्हणतात, १७८ चित्रं आहेत. "त्यांनी मारुती कसा काढलाय तेवढं बघू दे मला," असं त्या महिनाभर म्हणत होत्या.

बोटीने था चांग धक्क्यावर उतरलो. साडेदहा वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीपाशी इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस पुढे आला आणि त्याने आधी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, आज सकाळी भिख्खूंची पूजा आहे, एक वाजेपर्यंत बाहेरच्यांना प्रवेश नाही. तोवर उभ्या बुद्धाचं देऊळ बघून या. आमच्याच नकाशावर त्याने गोल काढून दिले. पांढऱ्या पाटीची टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, सरकारी असते, चाळीस बाथच्या वर देऊ नका, हा सल्लाही त्यानेच दिला. आपल्याला फसवणारा माणूस फसवणुकीपासून सावध कसा करेल, असंच वाटतं ना? ‘बंद आहे’ हे कोणी रस्त्यावर सांगितलं तर त्याच्याशी एक शब्द न बोलता तिकीटखिडकीपर्यंत चालत जा. तिकीट ५०० बाथचं आहे आणि ते दुपारी साडेतीनपर्यंत मिळतं.

टुकटुक वळली तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की दोनशे पावलांवर फाटक सताड उघडं होतं आणि छत्र्या घेतलेली माणसं रांगेने आत जात होती. नवरा म्हणालासुद्धा, "अगं, ते बघ, आत जातायत." मी म्हटलं, "ती पूजेला आलेली इथली माणसं असतील." छत्रीवर टूर कंपनीचं नाव घेऊन कोण पूजेला जातं? पण पाठीमागे धाकटा पाण्यासाठी रडत होता, सासूबाईंनी एक गुडघा धरून ठेवला होता आणि ८० बाथमध्ये दोन टुकटुक म्हणजे २०० रुपयांत सहाजण फिरणार होतो. एवढं स्वस्त कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. दुकानात गिऱ्हाईक सोडलं की या चालकांना पेट्रोलची कुपनं मिळतात. आपलं भाडं त्यात वळतं होतं.

उभा बुद्ध ३२ मीटरचा आहे, सुंदर आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. तिथल्या पायरीवर एक सभ्य गृहस्थ आपणहून बोलायला लागले. आज सरकारी सवलतीचा शेवटचा दिवस, त्यांनी स्वतः नीलम घेतलाय, परदेशात दुप्पट भाव येतो, वगैरे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आमचे सासरे कुंभ राशीचे, साडेसातीचा शेवटचा टप्पा. नीलम हा शब्द कानावर पडल्यावर त्यांना थांबवणं कोणाच्या बापाला जमलं असतं?

दुकानात पेंडंट आणि अंगठीचा सेट काढला. अठरा कॅरेट सोनं, असं तोंडी सांगितलं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर सेट खड्यांसकट ठेवला. मी सवयीने विचारलं, "खडे वजा जाता सोनं किती?" तो हसला आणि सासूबाईंना थंडगार नारळपाणी दिलं. मला उत्तर मिळालंच नाही. माझ्या टेबलावर कोणी असं उत्तर टाळलं असतं तर मी दागिना परत सरकवला असता. तिथे मात्र भिंग हातात घेऊन, आपल्याला कळतं अशा थाटात मान डोलावली आणि कार्डाचा पिन टाकला. सोनं घासून बघायचा कसोटीचा दगड होता ठाण्यातल्या माझ्या टेबलाच्या खणात, तीन हजार किलोमीटरवर.

बाहेर पडलो तर एकही टुकटुक नव्हती. पॅलेसपाशी पोचेस्तोवर पावणेचार झाले. सासूबाई भिंतीला हात लावून परतल्या.

रात्री हॉटेलवर नवऱ्याने शोधलं, तर नकाशावरच्या गोलांपासून नारळपाण्यापर्यंत सगळं तस्संच लोकांनी लिहून ठेवलेलं. जाण्याआधी हॉटेलं आठ दिवस शोधली, हे पाच मिनिटं शोधलं नाही. सकाळी दुकानात गेलो. पैसे परत नाहीत, दुसरा माल घ्या. बिलावर ‘ज्वेलरी सेट’ एवढंच, कॅरेट नाही, सोनं हा शब्दच नाही. धातू आणि खडा काय आहे ते बिलावर लिहून देत नसतील तर उठा, नारळपाणी अर्धं राहिलं तरी उठा.

तिथल्या एका पोलीस चौकीत अडीच तास बसलो. वस्तू तुम्ही बघून घेतली, वस्तू मिळाली, मग गुन्हा कुठे? वर थाई भाषेतला एक कागद दिला, तो आजही आम्हाला वाचता येत नाही. पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर मला परत आल्यावर समजला. तुम्ही आधीच फोनमध्ये घालून ठेवा. त्याच रात्रीचं विमान होतं.

ठाण्यात आमच्याच व्हॅल्यूअरने बघितलं. चांदीवर सोन्याचा मुलामा, नीलम काच भरलेले, म्हणजे भेगांत काच भरून चकचकीत केलेले, दोन्हीचे मिळून फार तर नऊ हजार. हे त्याने माझ्या सहकाऱ्यांसमोर सांगितलं.

मग बँक. ३८,५०० बाथचे ९६,२५० रुपये, त्यावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के, त्या टक्क्यांवर पुन्हा जीएसटी, एकूण १,००,२२५ रुपये १२ पैसे. अकरा फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, पहिल्यापासून सगळी कथा, आणि शेवटी "पिन टाकलाय म्हणजे संमती आहे". ठाण्याचं मूल्यांकन चालत नाही, ज्या देशात खरेदी केली तिथलं आणा! आणायला पुन्हा तिकीट काढू का? आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात सांगितलं की व्यवहार परदेशातला, आमची हद्द नाही. टेबलामागचा माणूस वर म्हणतो, "मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या दिसता." शिकलेल्यांना फसवलं तर ते कायद्यात बसत नाही का?

सासरे अजून विचारतात, काच भरलेला असला तरी शनिवारी घालून बघायला काय हरकत आहे. सासूबाई काही बोलत नाहीत, त्याचंच जास्त लागतं.

काल बँकेचा मेसेज आला. तक्रारीचं उत्तर असेल म्हणून घाईने उघडला. ‘आपला १,००,२२५.१२ रुपयांचा खर्च १२ सोप्या हप्त्यांत बदला.’