लॉकडेपसोबत आठ महिने: तक्रार खरी की पोकळ?

ड्रायव्हर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. गेले आठ महिने टेस्टिंगच्या लिनक्स कर्नलमध्ये 'प्रूव्ह लॉकिंग' हा पर्याय मी कायम चालू ठेवलाय. म्हणजे लॉकडेप चालू. लॉक (सामाईक डेटा एका वेळी सहसा एकालाच हाताळू देणारं कुलूप) उलटसुलट क्रमाने घेतले जातायत का ते तपासून लॉकडेप तक्रार करतं. इंगो मोल्नारने लिहिलेलं हे हत्यार २००६ मध्ये २.६.१८ या आवृत्तीत कर्नलमध्ये आलं. आधी मी ते फक्त काही अडकलं की चालू करायचो, आणि तिथेच चुकत होतो.

कारण लॉकडेप डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत कायमचे अडकणं) होण्याची वाट बघतच नाही. आज कुणी 'अ' लॉक धरून 'ब' घेतला, एवढं ते लक्षात ठेवतं. चार तासांनी भलत्याच थ्रेडने 'ब' धरून 'अ' घेतला की बोंब ठोकतं. त्या दोघांची गाठ प्रत्यक्षात पडलेली नसते. त्यामुळे तक्रार आली तेव्हा मशीन मजेत चालू असतं आणि टीममधला कुणीतरी हमखास म्हणतो, "फॉल्स पॉझिटिव्ह असेल रे!"

कधी कधी ती तक्रार खरंच पोकळ, म्हणजे खोटा इशारा, असते. लॉकडेप एकेका लॉकला ओळखत नाही, लॉकच्या वर्गाला ओळखतं. साधारणपणे लॉक तयार करणारी कोडमधली एक ओळ म्हणजे एक वर्ग, मग त्या ओळीतून लाखभर लॉक का निघेनात. एक्स्ट४ या फाइल सिस्टीमच्या डिस्कवर ठेवलेली एक्स्ट४ चीच इमेज लूप डिव्हाइसने (फाइललाच डिस्क म्हणून दाखवणाऱ्या सोयीने) माउंट केली की वरच्या आणि खालच्या फाइल सिस्टीमचे लॉक त्याच्या लेखी एकच. माझे दोन दिवस त्यात गेले. डिरेक्टरीचं उदाहरण तर नमुनेदार आहे. डिरेक्टरी वाचताना तिचा लॉक धरलेला असतो, नावं युझरच्या मेमरीत उतरवताना पेज फॉल्ट (मेमरीचं ते पान जागेवर नसणं) येऊ शकतो, आणि मग मेमरी मॅपचा लॉक लागतो. फाइल मेमरीत मॅप करताना क्रम उलटा होऊ शकतो. पण डिरेक्टरी कुणी मॅप करूच शकत नाही, म्हणून वर्तुळ कधी पुरं होत नाही. कर्नलवाल्यांनी यावर डिरेक्टरीच्या लॉकला वेगळा वर्गच देऊन टाकला.

तक्रार आली की मी आता '#०' पासून वाचतो, म्हणजे नुकताच घेतला जात असलेला लॉक. मग जुने स्टॅक, म्हणजे आधीचे लॉक कुठल्या फंक्शनमधून घेतले त्याच्या नोंदी. दोन्हीकडे वस्तू तीच आहे का, की फक्त वर्ग एक? दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात का? दोघांच्याही डोक्यावर एखादा तिसरा सामाईक लॉक असेल तर डेडलॉक होणार नाही, पण लॉकडेप हे जमेस धरत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं. जुना स्टॅक प्रोबमधला (डिव्हाइस सापडल्यावर ते सुरू करणाऱ्या फंक्शनमधला) असेल, डिव्हाइस अजून कुणाला दिसतही नसेल, तर गोष्ट वेगळी.

एवढं करूनही पटलं नाही तर सरळ जबरदस्ती. दोन लॉकांच्या मधे अर्ध्या सेकंदाची झोप घालायची (स्पिनलॉक, म्हणजे न झोपता फिरत वाट बघायला लावणारा लॉक, असेल तर झोप चालत नाही, तिथे एमडिले हे जागेपणी वेळ काढणारं फंक्शन), आणि दोन टर्मिनलवरून दोन्ही वाटा धडाधड चालवायच्या. म्यूटेक्स (वाट बघताना झोपू देणारे लॉक) असतील आणि दोन्ही वाटा खरंच अडकल्या, तर १२० सेकंदांनंतर हंग टास्कचा, म्हणजे काम अडकल्याचा, संदेश येतो. कीबोर्डवर सिसआरक्यू (कर्नलला थेट हुकूम द्यायची कळ) आणि 'डी' दाबलं की कुणी काय धरून बसलंय त्याची यादीच मिळते. नाही अडकलं तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. हे मी स्वतःला वारंवार बजावतो, कारण एकदा तोंडावर आपटलोय.

झालं असं, की ड्रायव्हर काढतानाच्या फंक्शनमध्ये म्यूटेक्स धरून कॅन्सल-वर्क-सिंक (रांगेतलं काम, म्हणजे वर्क, रद्द करणारं आणि ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबणारं फंक्शन) बोलावलेलं होतं, आणि ते वर्क आतून तोच म्यूटेक्स घेत होतं. लॉकडेप वर्कलाही लॉकसारखंच मोजतं, त्यामुळे पकडलं. मी म्हटलं, काढायच्या वेळी डिव्हाइस बंदच असतं, वर्क रांगेत असेलच कशाला? तक्रारींच्या वहीत 'खोटी' लिहून मोकळा झालो. दोन महिन्यांनी टेस्टरने डेटा चालू असताना यूएसबीची केबल उपटली. प्रोसेस डी स्टेटमध्ये (मारताही न येणाऱ्या झोपेत), मॉड्यूल निघेना, रीबूटही अडकला. वहीतला तो शब्द मी खोडला नाही, शेजारी तारीख घातली.

आता वैताग. पहिल्या तक्रारीनंतर लॉकडेप स्वतःला बंद करून घेतं. म्हणजे बूटच्या वेळीच एक पोकळ तक्रार येत असेल तर पुढच्या सगळ्या खऱ्या तक्रारी दिसणारच नाहीत. पोकळ तक्रारसुद्धा निस्तरावी लागते ती यासाठी. त्याहून वाईट म्हणजे बंद सोर्सचं मॉड्यूल चढवलं की कर्नल टेन्ट होतो (त्यावर 'भरवशाचा नाही' असा शिक्का बसतो) आणि लॉकडेप गप्प बसतं. एका चिपवाल्याचं तसलं मॉड्यूल आमच्या बोर्डावर होतं. महिनाभर मी "आपला कोड किती स्वच्छ" म्हणून खूश. आता टेस्ट संपली की आधी प्रॉकमधल्या (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या) लॉकडेप-स्टॅट्समध्ये डीबग-लॉक्सपुढे १ आहे का, म्हणजे लॉकडेप अजून चालू आहे का, ते बघतो. वेगही बराच पडतो, तेव्हा त्या कर्नलवर परफॉर्मन्स मोजायच्या भानगडीत पडू नका.

पोकळ तक्रारीचं तोंड बंद करायचे उपाय आहेत: नेस्टेड लॉक (एकाच वर्गाचे दोन लॉक मुद्दाम एकात एक घेतोय असं सांगणं), वेगळा वर्ग, किंवा तपासणीतूनच सूट. शेवटचा मी वापरत नाही. पहिले दोन वापरले तर वर कॉमेंटमध्ये कारण लिहितो. कारण लिहिताना पेन अडलं, तर तक्रार बहुधा खरी असते.

जी वाट चाललीच नाही ती लॉकडेपला दिसत नाही. त्यासाठी जोडीला स्मॅच ठेवलंय, जे कोड न चालवता नुसता वाचून चुका शोधतं. एरर आल्यावर लॉक न सोडता परतणारं एक फंक्शन त्यानेच दाखवलं. मात्र एकाच फ्लॅगवर अवलंबून असलेल्या दोन 'इफ'मुळे कधी कधी अशक्य वाटांच्या तक्रारीही तिथे येतात.

सध्या एक तक्रार अर्धवट पडून आहे. सस्पेंडची वाट आणि फर्मवेअर लोड करायची वाट एकमेकींच्या उलट क्रमाने लॉक घेतात. टीमचं म्हणणं, दोन्ही एका वेळी होणं शक्य नाही. सोमवारी मधे झोप घालून बघतो.